उमा, सई, राही : दोन अक्षरांची जुनी वाट

कामशेतहून नाणे मावळात शिरलं की भातखाचरांच्या मधून जाणारा रस्ता वडिवळ्याकडे जातो. कुंडलिकेवरच्या वडिवळे धरणामुळे हे नाव मावळाबाहेरही लोकांना ठाऊक आहे. मावळातल्या अशा गावांत बारसं आजही बाराव्या दिवसाच्या आसपास होतं. पाळणा सजतो, घुगऱ्या वाटल्या जातात, पाळण्याखालून-वरून बाळाची देवघेव करताना गोविंद घ्या, गोपाळ घ्या होतं, आत्या बाळाच्या कानाशी वाकून ‘कुर्र’ करते आणि मग नाव जाहीर होतं. विधी फारसा बदललेला नाही, नावं मात्र बदलली आहेत. ज्या घरात आजीचं नाव चंद्रभागा किंवा भागीरथी, आईचं वैशाली किंवा सुवर्णा, त्याच घरात नातीचं नाव ओवी, सई, इरा, आर्वी असं ठेवलं जातं. यावर ठरलेली तक्रार ऐकू येते : नावं आखूड झाली, पोकळ झाली, शहरातून नाही तर सिनेमातून आली, त्यांना ना अर्थ ना मूळ. या तक्रारीतला थोडा भाग खरा आहे, त्याचा विचार पुढे करू. पण तिचा पाया चुकीचा आहे. मुलीचं आखूड नाव ही मराठी मुलखातली, आणि खास करून मावळातली, फार जुनी रीत आहे. नवं काही असेल तर एवढंच की हे आखूड नाव आता दाखल्यावर एकटं, पूर्ण नाव म्हणून लागतं आहे.

आधी त्या आजीचंच नाव घेऊ. चंद्रभागा हे नाव पाळण्यात ठेवलं गेलं, पण शेतातून हाक मारताना ते कोणी वापरलं? घरात ती चंद्रा होती. भागीरथीची भागू झाली, गोदावरीची गोदू, पार्वतीची पारू, सरस्वतीची सरू, सावित्रीची साऊ, यशोदेची येसू. बांधावरून पलीकडच्या खाचरात हाक पोहोचवायची तर दोन अक्षरं पुरतात, आणि शेवटचा स्वर दीर्घ असला की तो लांबवता येतो. मराठीने लांब नावं आखूड करताना जवळजवळ नेहमी हाच साचा वापरला आहे : पहिलं ठसठशीत अक्षर ठेवायचं, दुसऱ्याला ‘ऊ’ किंवा ‘ई’ जोडायचा. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली की याच आखूड नावाला ‘बाई’ लागायची आणि नाव भारदस्त व्हायचं. जनाबाई, सखूबाई, सईबाई, रमाबाई या नावांमधली ‘बाई’ बाजूला काढून पाहिलं तर उरतात जना, सखू, सई, रमा. विसाव्या शतकात शिकलेल्या घरांतून ‘बाई’ गळली. त्याच सुमारास पुष्पलता, हेमलता, मंदाकिनी, सुलोचना अशी चार-चार अक्षरी नावं भराला आली. माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. मागची ‘बाई’ गेल्यावर नावाला जे वजन हवं होतं ते त्याच्या लांबीतून आणलं गेलं. आज आपण ज्याला ‘जुनी, भरदार नावं’ म्हणतो त्यांतली पुष्कळशी या काही दशकांतली आहेत. त्यांच्याआधीची रीत आखूडच होती.

किती आधीची, याचा पुरावा वडिवळ्याच्या आसपासच्या डोंगरांतच कोरलेला आहे. भाजे, बेडसे, कार्ले ही तिन्ही लेणी याच मावळात आहेत आणि त्यांचा काळ ढोबळमानाने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून पुढची तीन-चार शतकं असा धरला जातो. तिथल्या ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यांत बायकांची नावंही आहेत. बेडशाला पाण्याच्या टाक्यावरच्या लेखात सामडिनिका ही महाभोजाची मुलगी, महारठिणी ही पदवी लावणारी बाई येते. कार्ल्याला एका गृहस्थाची आई भायिला दान देते. आणि भाज्याला एका ओळीच्या लेखात बाधा नावाची बाई आहे. तिची ओळख ‘हालिकजाया’, म्हणजे नांगर धरणाऱ्याची बायको, अशी दिली आहे. हा लेख माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आहे. भाताच्या या खोऱ्यातली, शेतकऱ्याच्या घरातली बाई आपल्या दोन अक्षरी नावानिशी दगडावर उभी आहे. पदवी नाही, मोठं घराणं नाही, नावाला शेपूट नाही. आजच्या मराठीत ‘बाधा’ म्हणजे पीडा, त्यामुळे हे नाव आज कोणी मुलीला ठेवणार नाही. पण ज्या माणसांनी ते कोरलं त्यांच्या कानाला ते नांगऱ्याच्या बायकोचं नाव होतं आणि तिने दिलेल्या दानाचं नाव होतं. सामडिनिकेचं लांब नाव आणि बाधेचं आखूड नाव एकाच मावळातल्या दगडांत आहेत, यावरून त्या काळी दोन्ही तऱ्हा चालत होत्या एवढं तरी नक्की म्हणता येतं.

लेण्यांतली ही भाषा पुढे मराठीकडे कशी आली हे पाहिलं तर आखूड नावांचा उगमच हाती लागतो. महाराष्ट्री प्राकृताची एक ठळक सवय अशी की दोन स्वरांच्या मधलं व्यंजन ती झिजवते. ‘क’, ‘त’, ‘द’ गळून जातात, ‘ख’, ‘ध’, ‘थ’ यांचा नुसता ‘ह’ उरतो, आणि पुष्कळदा पुढे तोही जातो. संस्कृत सखीची या रीतीने सही झाली आणि सहीची सई. म्हणजे सई या नावाचा अर्थ मैत्रीण. शिवाजी महाराजांच्या पहिल्या राणीचं, संभाजी महाराजांच्या आईचं हे नाव आज पुन्हा ठेवलं जातं तेव्हा ते आधुनिक वाटतं, पण त्याच्या दोन अक्षरांत हजार-दीड हजार वर्षांची झीज आहे. यूथिकेची जूहिआ आणि तिची जुई झाली, जाती या फुलाची जाई. सीतेचं रूप प्राकृतात सीआ झालं, सिया हे त्याच वळणाचं. आणि राही! हे नाव हिंदीतल्या वाटसरूवरून घेतलं असं मानून कित्येक जण त्याला नाक मुरडतात. पण मराठीतली राही म्हणजे राधिका. राधिकेची राहिआ झाली, राहिआची राही, आणि ती पंढरपुरात रखुमाईच्या जोडीने विठोबाशेजारी आहे. ‘राही-रखुमाई’ हे शब्द वर्षानुवर्षं तोंडात असलेल्या वारकरी घराने आपल्या नातीचं राही हे नाव परकं समजावं, याचं मला वाईट वाटतं. इथे आखूड होण्याचं काम कुठल्या फॅशनने केलेलं नाही, आपल्या भाषेनेच केलं आहे. उलट सखी, राधिका, यूथिका ही पूर्ण संस्कृत रूपं पुस्तकांतून, शिकलेल्या लोकांच्या आवडीतून परत आली.

काही नावं झिजलीही नाहीत, ती मुळातच आखूड होती आणि तशीच टिकली. उमा हे त्यातलं सगळ्यात भक्कम. केनोपनिषदात उमा हैमवती येते. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त या नावाची उकल अशी दिली की आईने ‘उ’ म्हणजे अगं आणि ‘मा’ म्हणजे नको असं म्हणून तिला तपापासून परावृत्त करायचा प्रयत्न केला, त्यावरून ती उमा. ही व्युत्पत्ती शास्त्राची नाही, कवीची आहे, पण एवढ्याशा नावात आई-मुलीचा संवाद पाहणारी म्हणून ती लक्षात राहते. पुढे तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांभोवती जमलेल्या स्त्रियांत महदाइसा, बाइसा, आउसा यांच्याबरोबर उमाइसा आहे. तिथे ‘बाई’च्या जागी ‘आइसा’ हा आदराचा प्रत्यय लागला आहे, गाभा तोच दोन अक्षरांचा. अठराव्या शतकात हेच नाव वडिवळ्यापासून फार दूर नसलेल्या तळेगावात येतं. सेनापती खंडेराव दाभाडे गेले, मुलगा त्रिंबकराव 1731 मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावाच्या फौजेशी लढताना पडला, आणि दाभाड्यांच्या घराचा, फौजेचा, गुजरातेतल्या मुलखाचा भार उमाबाईंनी उचलला. 1753 मध्ये त्या वारल्या. मराठ्यांच्या इतिहासात सेनापतिपदाचा कारभार प्रत्यक्ष हाकणारी स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आखूड नावाला वजन नसतं असं म्हणणाऱ्याने मावळातल्या या एका नावाकडे पाहावं. उपनिषद, महानुभाव, दाभाडे आणि आजचा पाळणा या सगळ्यांतून या नावाचा गाभा एक अक्षरही न वाढता आला आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप शास्त्राचा, आणि तो खोटा नाही. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं आणि मुलीचं विषम अक्षरांचं, आकारान्त असावं असं सांगितलं आहे. या हिशेबाने उमा, सई, राही तिन्ही नापास होतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं, मंगल आणि दीर्घ स्वरात संपणारं असावं असं म्हटलं आहे. इथवर आपली नावं बरी बसतात. पण तिसऱ्या अध्यायात नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, पक्ष्याचं नाव असलेली मुलगी वधू म्हणून टाळावी असंही आहे. महाराष्ट्राने हे कधी मानलं? गोदा, कृष्णा, भीमा, गंगा, यमुना, तापी, रेवा, चंद्रभागा या नद्या, रोहिणी, रेवती, स्वाती ही नक्षत्रं, मैना हा पक्षी, तुळसा, चंपा ही झाडं. मराठी घरातल्या बायकांच्या नावांची यादी म्हणजे त्या निषेधाची उलटी यादी आहे. ज्या घरांत बाकीचे विधी काटेकोर पाळले गेले तिथेही मुलीला नदीचं नाव देताना कोणाचा हात थांबला नाही. मुलीच्या नावाच्या बाबतीत या मुलखाने पोथीपेक्षा आपली नदी, आपलं शिवार जवळचं मानलं. मग आज शास्त्राचा दाखला फक्त नावाच्या लांबीपुरता काढणं न्यायाचं नाही.

दुसरा आक्षेप अर्थाचा. तक्रारीतला खरा भाग म्हटला तो हाच. नावांच्या पुस्तिका आणि मोबाइलवरच्या याद्या प्रत्येक नावापुढे काहीतरी गोड अर्थ छापतात : शांती, तेज, देवीचं नाव. त्यांतले अनेक अर्थ कुठल्याही कोशात सापडत नाहीत. आर्वीचा अर्थ शांती असा दिलेला दिसतो. संस्कृतात त्याला आधार नाही, आणि आर्वी हे वर्धा जिल्ह्यातलं एक जुनं गाव आहे. कियारा हे नाव आपल्याकडे पसरलं ते 2010 च्या ‘अंजाना अंजानी’ या चित्रपटातल्या नायिकेमुळे आणि पुढे त्यावरून नाव घेतलेल्या अभिनेत्रीमुळे. याच उच्चाराच्या जवळची दोन युरोपीय नावं आहेत. इटलीतल्या नावाचा अर्थ उजळ, तर आयर्लंडमधल्या नावाचा काळसर. एकाच नावापुढे कोणताही एक अर्थ ठामपणे छापून देणं ही पालकांची फसवणूक आहे. त्याउलट इरा घ्या. पुस्तिकांत न शोभणारा पण पक्का अर्थ त्याला आहे : वेदात इरा म्हणजे पेय, अन्न, जिवाला तृप्त करणारी गोष्ट. इरावती म्हणजे पाण्याने भरलेली. ब्रह्मदेशातल्या याच नावाच्या नदीवरून इरावती कर्व्यांचं नाव ठेवलं गेलं आणि घरात त्या इरू झाल्या. आई-वडिलांनी नाव ठेवण्याआधी एखादा चांगला शब्दकोश उघडावा, शाळेतल्या संस्कृतच्या किंवा मराठीच्या शिक्षकांना विचारावं, असं मला मनापासून वाटतं. अर्थ न मिळाला तरी नाव ठेवायला हरकत नाही. खोटा अर्थ मात्र मुलीला आयुष्यभर सांगत बसावा लागतो.

पण अर्थ असला म्हणजे नाव चांगलं, हेही खरं नाही. नकुशी या नावाचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेलं ते नाव. 22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा दोनशेहून अधिक मुलींचं समारंभाने पुन्हा नामकरण झालं. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. त्याच्या दहा वर्षं आधी हा आकडा 913 होता. जिथे मुलीचा जन्मच नकोसा होता तिथे नाव त्याची नोंद ठेवत होतं. धोंडी, दगडी ही नावं वरवर तशीच वाटतात, पण त्यांच्यामागे बऱ्याचदा उलटी भावना होती : आधीची मुलं दगावलेली, म्हणून दृष्ट लागू नये, काळाने या बाळाकडे बघू नये, यासाठी मुद्दाम ठेवलेलं ओबडधोबड नाव. तेव्हा कोशातला अर्थ एवढ्यानेच नावाची परीक्षा होत नाही. कोणी, कोणत्या मनाने ठेवलं हे पाहावं लागतं. आवाज गोड लागला म्हणून आर्वी नाव ठेवणाऱ्या बापाला मी नकुशी ठेवणाऱ्या बापाच्या फार वरची जागा देईन.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. लांब नावांत देव होता. मुलीला हाक मारताना गंगा, भागीरथी, रुक्मिणी तोंडात यायची आणि नामस्मरण घडायचं. अजामिळाने मुलाला नारायण म्हणून हाक मारली आणि तो तरला, ही भागवतातली कथा वारकरी गावांत सगळ्यांना ठाऊक आहे. या भावनेचा मान ठेवूनही दोन गोष्टी सांगता येतात. एक, मावळातल्या देवींची नावंच आखूड आहेत : तुकाई, जनाई, यमाई, जाखाई. आखूड नाव आणि त्यापुढे आई, एवढ्यात इथे देवी उभी राहते. माणसाची जनाबाई आणि देवाची जनाई यांच्यात फरक फक्त शेवटच्या शब्दाचा. दुसरी गोष्ट ओवीची. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, पुढे हा संग्रह राज्यभर वाढून एक लाखाच्या वर गेला. त्यात मावळ-मुळशीच्या बायकांचा मोठा वाटा आहे. पहाटे दळताना या बायका मुलाला राघू म्हणत आणि मुलीला मैना, साळू, हरणी. नांदायला गेलेल्या लेकीबद्दल जे कोणापाशी बोलता येत नव्हतं ते जात्यापाशी बोललं गेलं, आणि ते या आखूड, लाडक्या नावांनी बोललं गेलं. आता जाती बंद पडली आणि ओवी हे मुलीचं नाव झालं. ओवणे या क्रियापदातून आलेलं, शब्द ओवून केलेलं गाणं असा सरळ अर्थ असलेलं. वडिवळ्यासारख्या गावात जिची पणजी जात्यावर ओव्या म्हणायची तिचं नाव ओवी असणं यापेक्षा अस्सल मुळाचं नाव मला सुचत नाही.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि तो परंपरेच्या बाजूने येत नाही. आखूड नावाने बाईला कायम लहान ठेवलं, असं हा आक्षेप म्हणतो. तो इतिहासाला धरून आहे. वाड्यावरची ती रखमाबाई आणि वाड्यावर राबायला येणारी ती रखमी, हा भेद गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. ‘बाई’ कोणाला लावायची आणि कोणाला नुसतं ‘ई’कारान्त हाकारायचं हे जात ठरवत होती. लग्नात तर नावच जायचं. डॉक्टर होऊन 1886 मध्ये पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच. एक यमुना आनंदी झाली, दुसरी रमा, आणि दोघींना कोणी विचारलं नाही. धोंडो केशव कर्व्यांशी 1893 मध्ये पुनर्विवाह केलेल्या गोदूबाईंचं नावही आनंदी झालं, आणि जग त्यांना बाया म्हणून ओळखू लागलं. तेव्हा कमीपणा नावाच्या आखूडपणातून आला असं म्हणता येत नाही. तो आला ते नाव तिच्या हातात नसण्यातून : हाक मारणारा ठरवणार, सासरचे बदलणार, लिहिणारा वाटेल तसं लिहिणार.

मावळात याचे परिणाम जमिनीच्या कागदांवर दिसतात. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांइतका वाटा देणारी दुरुस्ती केली, केंद्राने ती 2005 मध्ये देशभर केली. मधल्या काळात द्रुतगती मार्ग आला, जमिनींचे भाव चढले आणि माहेरच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागणं किंवा तिच्याकडून हक्कसोड लिहून घेणं ही घराघरातली बाब झाली. अशा वेळी वारस नोंदीत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : ऊर्फ. माहेरची ठकूबाई ऊर्फ सासरची लक्ष्मीबाई. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं, आणि तिन्ही बाया एकच हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्र, तलाठ्याकडे खेपा. घरात आखूड, कागदावर लांब, सासरी तिसरंच, या जुन्या व्यवस्थेची किंमत बाईने अशी मोजली आहे. हाकेचं नाव आणि कागदावरचं नाव एकच असणं ही म्हणूनच मला आजच्या आखूड नावांची खरी कमाई वाटते. सई घरात सई, हजेरीत सई, बँकेत सई. तिला घरी आखूड करायचं कारण उरत नाही, आणि सासरी बदलायची चालही आता पुष्कळ घरांतून गेली आहे.

कायदाही याच दिशेने सरकला आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळा प्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. विवाहित स्त्रीला मिळकतीच्या दस्तात लग्नाआधीचं नाव ठेवण्याची मुभाही त्याच निर्णयात दिली आहे. पण दाखल्यावर नाव मुद्दाम लावून घ्यावं लागतं. प्रसूती तालुक्याच्या किंवा शहरातल्या दवाखान्यात होते, तिथून जन्माची नोंद बहुतेक वेळा नावाशिवाय जाते आणि नावाचा रकाना कोराच राहतो. बारसं होऊन नाव ठरलं, पाळण्यावर झळकलं, तरी दाखल्यावर ते आपोआप चढत नाही. जिथे जन्माची नोंद झाली तिथल्या निबंधकाकडे, गावात असेल तर ग्रामपंचायतीत, आई-वडिलांनी बारा महिन्यांच्या आत नाव कळवलं तर ते विनाशुल्क लागतं. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून लावता येतं. नाव लिहून देताना ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यावं, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत प्रत्येकी एकच स्पेलिंग ठरवून द्यावं, कारण दोन अक्षरांच्या नावात एक अक्षर चुकलं की अर्धं नाव चुकतं.